लिंबाच्या वासाचा पट्टा

फिनेलरावांना जगाची किळस यायची. सगळ्याच जगाची म्हटलं तर अन्याय होईल. स्वतःचा टॉवेल, स्वतःचा पेला आणि स्वतःच्या हाताने घासलेली मोरी एवढ्या गोष्टी त्यांना पसंत होत्या. बाकी सारं ओशट. दारांच्या मुठी ओशट, नोटा ओशट, आणि लोकांचे हात तर विचारूच नका. कुणी हात मिळवायला पुढे केला, की हे आपले दोन्ही हात पाठीमागे बांधून इतकं गोड हसत, की समोरच्याला वाटावं, केवढा नम्र माणूस! नम्र कसला डोंबलाचा. त्या हाताने आज सकाळपासून काय काय खाजवलं असेल, याचा ते मनातल्या मनात हिशेब मांडत असत.

नाव अर्थातच खरं नव्हे. ते कारखान्यातल्या शिलाईच्या बायकांनी ठेवलं होतं. यांच्या टेबलापाशी गेलं की दवाखान्यात आल्यासारखं वाटतं, अशी त्यांची तक्रार. पुढे मालकही फिनेलराव म्हणू लागले, आणि खरं नाव पगाराच्या दिवशी सही करण्यापुरतं उरलं. फिनेलरावांना याचा राग नव्हता. उलट आतून जरा बरंच वाटायचं. घाणेरड्या जगात निदान आपल्या नावाला तरी वास चांगला आहे, असं ते म्हणत.

कारखाना लहानसा. वाळूत किंवा चिखलात रुतलेल्या गाड्या बाहेर काढायचं सामान तिथे बनायचं. ओढायचे पट्टे, ते अडकवायच्या जाड लोखंडी कड्या, चाकाखाली घालायच्या फळ्या. फिनेलराव तपासनीस. प्रत्येक खेपेतला एक पट्टा मशीनवर चढवायचा, तुटेपर्यंत ताणायचा, आणि तो किती ताणावर तुटला त्यावरून बाकीचे पास की नापास ते ठरवायचं. कामात माणूस चोख होता, तिथे बोट ठेवायला जागा नव्हती. पट्टा तुटला की काय होतं ते त्यांनी जाळीमागून शेकडो वेळा पाहिलेलं. एकदा जाळी लावायची राहिली, तर तुटका पट्टा कडीसकट उडाला आणि पत्र्याची भिंत फोडून पलीकडे सायकलींत जाऊन पडला. ते भोक मालकांनी मुद्दाम बुजवलं नाही. नव्या माणसाला कामावर घेतलं की आधी तिथे नेऊन उभं करत आणि म्हणत, "यात डोकं घालून बघा, जातंय का."

घरी फिनेलरावांना एकच त्रास होता, पण तो अंगापिंडाने भरलेला होता. तो म्हणजे मेहुणा.

बायकोची आई लवकर गेली, आणि या धाकट्या भावाला तिनेच न्हाऊमाखू घालून वाढवलेलं. त्यामुळे त्याची नोकरी सुटली, पाठोपाठ खोलीही सुटली, तेव्हा तो विचारायलासुद्धा थांबला नाही. बॅग उचलली आणि ताईच्या बाहेरच्या खोलीत येऊन पडला. चार दिवसांसाठी म्हणून आला होता. त्या चार दिवसांत दोन वर्षं कशी बसली, ते त्यालाच ठाऊक.

माणूस वाईट नव्हता. हसरा, हाकेला धावणारा, शेजाऱ्यांची सिलिंडरं चढवून देणारा. पण राहणी! ओला टॉवेल गादीवर. दात कोरून झाले की काडी खिडकीत उभी करून ठेवायची, का, तर परत लागेल. भाजीच्या पातेल्यात चमचा घालून चाखायचं आणि तोच चमचा चाटून परत पातेल्यात. एका रविवारी त्याने नखं काढली आणि ती कुठे सांडू नयेत म्हणून, मोठ्या विचाराने, चहाच्या बशीत गोळा केली. बशी फिनेलरावांची होती.

"तुझा भाऊ माणूस आहे की उकिरडा?" फिनेलरावांनी बायकोला विचारलं.

"माझा भाऊ आहे," बायको म्हणाली. या उत्तरापुढे कुणाचंच काही चालत नसतं.

शेवटी फिनेलरावांनीच शब्द टाकून त्याला कारखान्यात ड्रायव्हर म्हणून चिकटवला. हिशेब साधा होता. पगार सुरू झाला की गडी स्वतःची खोली बघेल. पण कशात काय अन् फाटक्यात पाय! पहिल्या पगारात मेहुण्याने बाहेरच्या खोलीत स्वतःचा पंखा बसवून घेतला आणि म्हणाला, "भावोजी, आता काय, आपण घरीही बरोबर आणि कामावरही बरोबर." फिनेलराव त्या दिवशी दोनदा आंघोळ करून झोपले.

तर असे हे दोघे एकाच गाडीतून वाळवंटात निघाले, ही हकीगत त्या खेपेची.

मालकांनी नवा पट्टा काढला होता. नारिंगी रंगाचा, नायलॉनचा, चांगलाच लांब. याची खुबी अशी, की ओढताना तो ताणला जातो आणि मग आपल्याच जोराने रुतलेल्या गाडीला हिसका देऊन बाहेर काढतो. मशीनवर तो पास झाला होता. पण गिऱ्हाइकाचा मशीनवर विश्वास नसतो. त्याला खरी गाडी खरोखर रुतलेली बघायची असते. आणि गिऱ्हाईक होते कॅप्टन.

कॅप्टन कुठल्याही सैन्यात नव्हते. सुट्टीच्या दिवशी मोठ्या गाड्या वाळवंटात नेऊन धुरळा उडवणाऱ्या हौशी लोकांच्या क्लबचे ते प्रमुख, आणि ही पदवी त्यांनी स्वतःच स्वतःला दिलेली. पण त्यांनी पट्ट्याला बरं म्हटलं की सगळा क्लब तोच पट्टा घेणार, म्हणून मालक त्यांच्या मागेपुढे करत होते. कॅप्टनच्या अवाढव्य गाडीत मालक बसले. मागून कारखान्याची जुनी जीप, चालवायला मेहुणा, शेजारी नमुन्याचा एकुलता एक पट्टा मांडीवर घेतलेले फिनेलराव.

जीप आठ दिवस मेहुण्याकडेच होती. पायाखाली केळीची सालं, सीटच्या फटीत बिस्किटांचा चुरा, आणि आरशाला वाळत घातलेला एक मोजा. दुसरा कुठे आहे, हे विचारायची फिनेलरावांची छाती झाली नाही. त्यांनी सीटवर स्वतःची चादर अंथरली, हातात पांढरे हातमोजे चढवले आणि खिडकी उघडी ठेवून तोंड बाहेर काढलं. वाळू येऊन दातांत बसली. चावली की करकर वाजे.

"भावोजी, आत घ्या ना तोंड," मेहुणा म्हणाला.

"आत वाळूपेक्षा वाईट आहे," फिनेलराव म्हणाले. मेहुणा खदाखदा हसला. त्याला वाटलं, भावोजींनी विनोद केला.

वाळवंटाबद्दल फिनेलरावांची एक आशा होती. तिथे माणूस नाही, म्हणजे घाण नाही. कोरडी, उन्हाने भाजलेली, निर्मळ जागा असेल, असं त्यांना वाटत होतं. पण कॅप्टनसारख्यांचा पाय लागल्यावर निर्मळ राहील अशी जागा पृथ्वीवर असती तर काय! पहिल्याच टेकाडामागे रिकाम्या बाटल्यांचा ढीग, जळक्या टायरांचे काळे डाग आणि वाऱ्यावर गिरक्या घेणारे वापरलेले कागदी रुमाल. घरी पाहुण्यांसमोर नाकाने कांदे सोलणारी माणसं इथे येऊन काय करून जातात, हे त्या वाळूवर लख्ख लिहिलेलं होतं. कॅप्टननी गाडीतून उतरताच एका नाकपुडीवर अंगठा दाबून दुसरी मोकळी केली, मग उलट केलं, आणि तोच अंगठा विजारीला पुसून मालकांच्या खांद्यावर हात टाकला. मालक हसले. फिनेलरावांनी मान फिरवली, तर तिकडे मेहुणा झुडपाकडे पाठ करून नव्हे, तोंड करून नव्हे, तर चक्क त्यांच्याकडे बघत उभा होता आणि लघवी करता करता विचारत होता, "भावोजी, चहा घेणार का?"

मुक्कामाची जागा म्हणजे दोन खोल्या, पत्र्याचा संडास आणि खारट पाण्याचा नळ. संडासाचं वर्णन मी करत नाही. फिनेलरावांनी दार उघडलं, बंद केलं, बॅगेतून आपली बाटली काढली आणि मग दीर्घ श्वास घेऊन आत शिरले. ही बाटली त्यांच्याबरोबर लग्नाकार्यालाही जात असे. फरशी आणि संडास चकचकीत करणारं ते जालीम पाणी होतं, त्याला लिंबाचा सुरेख वास घातलेला. फिनेलराव त्याला औषध म्हणत. थोडं ओतलं की फेस येई, पिवळे थर सुटत, आणि फिनेलरावांच्या चेहऱ्यावर देवदर्शन झाल्यासारखी शांती पसरे.

त्याच दुपारी पहिली चाचणी झाली. कॅप्टन म्हणाले, वाळूतून काय कुणीही काढेल, खरी परीक्षा खारवटीत. खारवट म्हणजे खोलगट सपाट जागा. वर मिठाचा पांढरा कडक पापुद्रा आणि खाली काळा गाळ. मेहुण्याने जीप आत घातली. पापुद्रा मोडला, चाकं बुडाली, आणि खालून असा वास सुटला की मालकसुद्धा दोन पावलं मागे सरले. नासकी अंडी, तुंबलेलं गटार आणि काहीतरी मेलेलं, सगळं एकत्र. जीपमागे पट्टा लावला, कॅप्टनच्या गाडीने हिसका दिला, आणि जीप ढेकर दिल्यासारखा आवाज करत बाहेर आली. पट्टा पास. मालकांनी टाळ्या वाजवल्या.

पण पट्ट्याकडे बघवत नव्हतं. नारिंगी रंग कुठे गेला, तेही कळेना. काळा, बुळबुळीत, थेंब थेंब गळणारा. फिनेलरावांनी तो काठीने उचलून जीपच्या टपावर टाकला. मुक्कामी आल्यावर कॅप्टनना दोरी हवी होती. त्यांनी तोच पट्टा दोन गाड्यांमध्ये ताणला आणि त्यावर आपली ओली चड्डी वाळत घातली. काळा गाळ, वर कॅप्टनची चड्डी! त्या संध्याकाळी फिनेलराव जेवले नाहीत. डब्यातलं मटण कॅप्टन बोटांनी काढून खात होते आणि मेहुण्यालाही भरवत होते, ते बघून त्यांची उरलीसुरली भूकही गेली.

"फिनेलराव," मालक म्हणाले, "उद्या सकाळी फिल्म काढायचीय. पट्टा तेवढा धुऊन टाका. लोकांना नवा कोरा दिसला पाहिजे."

पट्टा कसा धुवायचा, ते फिनेलरावांपेक्षा जास्त कुणाला ठाऊक नव्हतं. साध्या पाण्याने. शंका असेल तर आणखी साध्या पाण्याने. कारखान्यातून जाणाऱ्या प्रत्येक पट्ट्याला एक चिठ्ठी शिवलेली असते, बॅटरीच्या आम्लापासून लांब ठेवा म्हणून, आणि ती चिठ्ठी लागली की नाही ते हेच बघत. त्यांनी बादलीत पाणी घेतलं, पट्टा बुडवला, काठीने ढवळला. पाणी काळं झालं. बदललं. परत काळं. तिसऱ्यांदा पाणी स्वच्छ राहिलं, पण वास तसाच. वाकून हुंगल्यावर गाळ आणि चड्डी दोन्ही आठवत होतं. उद्या परतीच्या वाटेवर हा पट्टा आपल्या मांडीवर असणार, या विचाराने त्यांच्या अंगावर काटा आला. कारखान्यातले लोक म्हणायचे, घाण दिसली की फिनेलरावांची अक्कल रजेवर जाते. त्या संध्याकाळी ती खरोखरच गेली. त्यांनी बाटली उघडली आणि उरलेलं सगळं औषध बादलीत ओतलं.

आम्ल म्हणजे बॅटरीतलं, मशिनीतलं, कपड्यांना भोकं पाडणारं घाणेरडं द्रव्य, असं त्यांच्या डोक्यात बसलेलं. आपलं औषध म्हणजे स्वच्छता. या दोघांचा काही संबंध असू शकतो, हे त्यांच्या मनाला शिवलंसुद्धा नाही. बायको नेहमी म्हणायची, "अहो, एक दिवस तुम्ही मलाही भिजत घालाल." तशातली गत.

पट्टा चांगला मुरला. मग खळबळून काढला, कुंपणावर टाकला. त्याला लिंबाचा वास येत होता. फिनेलरावांना त्या सबंध प्रवासात तेवढा एक आनंद झाला, आणि ते शांत झोपले.

सकाळी मालक खूश. "वा! कालचाच का हा?" रंग जरा उतरला होता, पण मालकांना तो फिल्ममध्ये जास्त खुलेल असं वाटलं. कॅप्टननी ठरवलं, आज जीप खोल घालायची, नुसती चाकं नव्हे, बूड टेकेपर्यंत. म्हणजे पट्ट्याचा खरा दम दिसेल. मेहुण्याने मान डोलावली आणि जीप पापुद्र्यावर घातली. चाकं फिरली, गाळ उडाला, आणि बघता बघता जीप दारांपर्यंत खाली बसली. आज ती उलटी घातली होती, तोंड काठाकडे. मेहुणा काचेआडून अंगठा दाखवत होता. दार गाळाने अडलेलं, तेव्हा तो आत बसूनच राहणार होता.

कॅप्टनची गाडी काठावरच्या टणक जमिनीवर, जीपकडे तोंड करून. मागे धाव घेत ओढायचं, म्हणजे समोरचं सगळं दिसतं. फिनेलरावांनी हातमोजे घातलेल्या हातांनी पट्टा दोन्हीकडे अडकवला, कड्यांच्या पिना घट्ट केल्या. पट्टा मध्ये ढिला, नागमोडी पडलेला. मग नियमाप्रमाणे ते बाजूला, लांब जाऊन उभे राहिले. मालकांनी फोन डोळ्यांसमोर धरला. पद्धत अशी की तपासनिसाने हात वर करायचा. हात खाली आला की गाडी सुटणार.

फिनेलरावांनी हात वर केला.

वर केलेला हात नाकासमोरून गेला, आणि त्यांना पांढऱ्या हातमोज्यावर नारिंगी पूड दिसली. धागे नव्हेत, बारीक भुकटी. त्यांना आधी किळसच आली. दुसऱ्या हाताने झटकू गेले, तर ती बोटांवर पसरली आणि तिला लिंबाचा वास आला. पट्टा असा भुकटी सोडत नाही. वर्षानुवर्षं त्यांनी पट्टे हाताळले होते. नायलॉन झिजतं, तंतू उठतात, पण त्याचं पीठ होत नाही. पीठ होतं ते एकाच गोष्टीने. आणि ती चिठ्ठी त्यांच्या डोळ्यांपुढे आली. लिंबाचा वास असला म्हणून आम्ल काही साखर होत नाही.

हा पट्टा तुटणार. कडी इकडे उडून आली तर कॅप्टनच्या गाडीचं जाड नाक आहे मध्ये. तिकडे गेली तर जुन्या जीपची पातळ काच, आणि काचेमागे अंगठा वर केलेला मेहुणा.

थांबवायची खूणही ठरलेली होती. दोन्ही हात डोक्यावर आडवे धरायचे. फिनेलरावांनी ते केलं नाही. त्यांचा एक हात वर होता, तो तसाच राहिला. आणि त्या वेळात त्यांच्या मनात जे आलं, ते सांगितलंच पाहिजे, कारण बाकीचं सगळं नुसतं चिखल आणि चड्ड्या. त्यांच्या मनात आलं, पट्टे तुटतातच. तपासणीच आहे ही. कोण विचारणार, कशाने तुटला? आणि त्याला चिकटून, एखाद्या झुरळासारखं सावकाश बाहेर येत, दुसरं आलं: बाहेरची खोली रिकामी होईल. त्यांना ती खोली दिसलीसुद्धा. फरशी पुसलेली, गादी कोरडी, खिडकीत काही नाही.

"अहो, हात खाली करा ना!" मालक ओरडले. "फिल्म चालू आहे!"

हात खाली आला नाही. कॅप्टनना धीर कुठला. त्यांनी एक हॉर्न दिला, दुसरा दिला, आणि खुणेची वाट न बघता गाडी मागे घेतली.

तेव्हा फिनेलराव पळाले. कसे पळाले, ते त्यांना नंतर आठवेना. पापुद्रा मोडला, पाय गेला, दुसरा गेला, आणि ते नागमोडी पडलेल्या पट्ट्यावर छातीवर आडवे झाले. काळा गाळ नाकात गेला, तोंडात गेला, शर्टातून पोटावर उतरला. पट्टा त्यांच्या अंगाखालून साप सरकावा तसा सरकू लागला. ब्रेक करकचले. सरकणं थांबलं.

"वेड लागलंय का?" कॅप्टन खाली उतरून ओरडले. "मेला असतात ना!"

फिनेलरावांनी तोंडातला गाळ थुंकला. "पट्टा गेलाय," ते म्हणाले. "मी धुतला. संडासाच्या औषधाने. त्याच्यात आम्ल असतं. हा तुटणार."

मालक पट्ट्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "दिसतोय तर चांगला."

"दिसतोय!"

"मग एकदाच ओढू. हळू. फिल्मपुरतं." मालकांचा आवाज गोड झाला. "कॅप्टन परत कधी येणार? दुसरा नमुना नाहीये आपल्याकडे. आणि तुम्ही धुतलात म्हणता, तर पाण्याने धुतलात असं समजू या."

"हळू घेतो ना मी," कॅप्टन म्हणाले. "काही होत नाही हो. आमच्याकडे लोक पडद्याच्या दोरीने गाड्या काढतात."

आयुष्यभर फिनेलरावांना माणसांच्या हातांची, नाकांची, नखांची किळस आली होती. माणसाच्या बोलण्याची अशी शिसारी त्यांना पहिल्यांदाच आली. काचेपलीकडे एक माणूस बसलाय, आणि हे दोघे फिल्मपुरतं म्हणतायत. वाईट हे की ते दोघे जे आता मोठ्याने बोलत होते, ते फिनेलरावांचं थोड्या वेळापूर्वी, गप्प उभं राहून, स्वतःशी बोलून झालेलं होतं.

मेहुण्याने काच खाली केली. "काय ठरलं?" त्याने हाक मारली. "भावोजी, तुम्ही म्हणाल तसं! तुम्ही पास म्हणालात तर ओढू देत, मी बसतो."

फिनेलरावांनी खिशातून चाकू काढला, नमुने कापायचा. पट्टा ताणून धरला आणि मध्ये पातं टेकवलं. एरवी त्या पट्ट्याशी चाकूला झटापट करावी लागते. आता तो जुनं फडकं फाटावं तसा फाटला. दोन्ही टोकं त्यांनी गाळात टाकली.

मालकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते जे बोलले, त्यात फिनेलरावांच्या नोकरीचा उल्लेख होता, मेहुण्याच्याही, आणि शेवटी एवढंच होतं की खणा आता, काढा आपली जीप आपण. मग ते कॅप्टनच्या गाडीत बसून निघून गेले. जाता जाता कॅप्टननी खिडकीतून रिकामा डबा बाहेर भिरकावला.

खिडकीतून मेहुणा बाहेर आला. फावडं एकच होतं, ते त्याने घेतलं. फिनेलराव हातांनी खणू लागले. हातमोजे केव्हाच गाळात गेले होते. नखांत गाळ, भुवयांत गाळ, घाम पुसला की तो डोळ्यांत. ऊन चढलं तसा वास चढला. कुणाला वाटेल की या कामाने त्यांची किळस गेली, अंगात हलकेपण आलं वगैरे. तसं काहीही झालं नाही. त्यांना दर मुठीला ओकारी येत होती, आणि ते ती गिळून पुढची मूठ उपसत होते. मेहुणा मात्र रंगात आला होता. तो गाणी म्हणत होता, मध्येच आपल्या तोंडची बाटली पुढे करत होता. फिनेलराव पाणी पीत होते. चाकांखाली फळ्या गेल्या, परत बुडाल्या, परत घातल्या. दुपार कलली तेव्हा जीप एकदाची घरघरत काठाला लागली.

परतीच्या वाटेवर डांबरी रस्ता आला तशी फोनला रेंज आली. मेहुण्याने जीप कडेला घेतली आणि ताईला लावला. फोन मोठ्याने बोलेल असा केला.

"ताई, ऐकते आहेस का? आज मी गेलोच होतो बघ. पट्टा खराब निघाला. कडी सरळ काचेतून आली असती. भावोजींनी काय केलं माहितीये? गाळात उडी घेतली! आडवे झाले पट्ट्यावर, गाडी सुरू असताना!"

"कोणी?" पलीकडून बायको म्हणाली. "यांनी?"

"यांनीच! वर मालकांशी भांडले. नोकरी गेली बहुतेक आमची दोघांची, पण जाऊ दे. तू यांना आता कधी काही बोलू नकोस, ताई. बाप नाही आपल्याला, पण आज मला..." त्याने मळक्या बाहीने नाक पुसलं. "एक क्षण विचार केला नाही गं त्यांनी! एक क्षणसुद्धा नाही."

पलीकडे बायको रडत होती. "त्यांना दे," ती म्हणत होती, "जरा त्यांना दे फोन."

फिनेलरावांनी फोन घेतला नाही. दार उघडून ते खाली उतरले, दोन पावलं चालले आणि रस्त्याच्या कडेला वाकून ओकू लागले. दिवसभर गिळलेलं सगळं आलं, ते संपल्यावर नुसतं पित्त आलं, तरी थांबेना. मेहुणा धावत आला. त्याने एका हाताने त्यांचं कपाळ धरलं आणि दुसरा हात त्यांच्या पाठीवरून फिरवत राहिला.

"त्या गाळाचा वास हो," तो म्हणाला. "दुसरं काय असणार?"

"हो," फिनेलराव म्हणाले, "गाळाचाच."